रडारसूचक डबीचा खोटा गजर

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांच्या मोटारींत बसण्याचा योग ज्या पालकांस आला असेल, त्यांपैकीं कित्येकांनीं पुढील कांचेस लाविलेली एक लहानशी डबी पाहिली असेल. गाडी धांवत असतां ती मधूनमधून किंचाळते. तिला 'रडार डिटेक्टर' म्हणतात. पुढें पोलीस रडारच्या योगानें मोटारींचा वेग मोजीत असल्यास तें आगाऊ कळावें, एवढेंच तिचें काम. परंतु ती कामापुरती थोडी आणि बिनकामाची फार ओरडते, म्हणून ती खोटें बोलते अशी तिच्या मालकांची नेहमींची तक्रार असते. आमच्या मतें ही तक्रार अन्यायाची आहे.

पोलिसांच्या यंत्रांतून निघालेल्या लहरी धांवत्या मोटारीवर आपटून परत येतात, तेव्हां त्यांच्या कंपनसंख्येंत किंचित् फरक पडलेला असतो. त्या फरकावरून वेग निघतो. डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८४२ सालीं मांडलेलें हें तत्त्व वरच्या वर्गांतील मुलांस निराळें सांगावयास नको. डबी मात्र वेग मोजीत नाहीं. ती नुसती ऐकते. ठराविक कंपनसंख्येची लहर आली कीं ओरडावयाचें. ती कोणीं सोडली याची चौकशी तिला करतां येत नाहीं.

आणि लहरी सोडणारे एकटे पोलीसच थोडे आहेत! तेथें पोलिसांच्या रडारांचे तीन पट्टे आहेत: सुमारें १०.५ गिगाहर्ट्झचा 'एक्स', २४ च्या आसपासचा 'के', आणि ३३.४ पासून ३६ पर्यंतचा 'केए'. मोठ्या दुकानांचीं आपोआप उघडणारीं दारें गिऱ्हाइकाची चाहूल घेण्यास पहिल्या दोन पट्ट्यांतल्याच लहरी वापरतात. त्यामुळें बाजारपेठेंतून जातांना डबी अगदीं बेजार करिते. एक्स पट्टा पोलिसांनीं बहुतेक ठिकाणीं सोडून दिला आहे. तेथें त्याचा गजर झाला तर दुकानाचें दार समजावें. उलट केए पट्ट्यावर इतरांची वर्दळ फारशी नाहीं, म्हणून त्याचा गजर जाणता चालक हंसण्यावारीं नेत नाहीं. नव्या डब्या उपग्रहांच्या साहाय्यानें जागा ओळखून रोजचीं दारें लक्षांत ठेवितात व तेथें गप्प बसतात. सोय खरी, पण त्याच दाराशेजारीं, त्याच कंपनसंख्येवर, एखादे दिवशीं पोलीस उभा राहिला तर?

आम्हांस विशेष नवल वाटतें तें के पट्ट्याचें. अलीकडे त्यावरील पुष्कळसा गजर दारांमुळें नव्हे, शेजारून जाणाऱ्या मोटारींमुळें होतो. आरशांत न दिसणाऱ्या कोपऱ्यांत दुसरें वाहन आलें असतां चालकास सावध करणारीं रडारें अनेक मोटारींच्या मागील बाजूस बसविलेलीं असतात, आणि त्यांतलीं बरींचशीं २४ गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणजे कोणाचा तरी जीव वांचावा म्हणून सोडलेली लहर ही डबी इमानानें टिपते, आणि मालक तिला 'खोटी' म्हणतो! खरी कोणती? तर जिच्या पाठीमागून दंडाची पावती येते ती. या रक्षक लहरी गाळून टाकण्यासाठीं कारखानदारांनीं किती बुद्धि खर्चिली आहे!

डबीचे कैवारी म्हणतात कीं तिच्या ओरडण्यानें चालक वेग तरी कमी करितो. करितो खरा, पण जेथें पोलीस आहे तेथें. ज्या वळणावर पोरें चेंडूमागें धांवतात, तेथें रडार नसेल तर डबी मुकी आणि पाय तसाच दाबलेला. अपघाताची शक्यता डबीस ऐकूं येत नाहीं, तिला फक्त पोलीस ऐकूं येतो. आणि तोही लेसर वापरीत असेल तर बहुधा उशिरां, वेग मोजून झाल्यावर.

खाजगी मोटारींत ही डबी बाळगण्यास त्या देशाच्या बहुतेक भागांत मोकळीक आहे. मोठ्या व्यापारी मालमोटारींत मात्र ती देशभर वर्ज्य आहे. व्हर्जिनिया राज्यांत व राजधानी वॉशिंग्टन येथें ती खाजगी मोटारींतही चालत नाहीं. आमच्या ज्या माजी विद्यार्थ्यांस त्या बाजूनें जावयाचें असेल, त्यांनीं हद्दींत शिरण्यापूर्वीं ती कांचेवरून उतरवून, विजेची तार काढून, सामानाच्या पेटींत टाकावी. पुन्हां बाहेर काढावयाची कीं नाहीं, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें.