मागच्या सीटवरचं डोकं

वसई-विरारमध्ये हेल्मेट कुठे घालतात, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'कोपरात' असं आहे. त्यानंतर नंबर लागतो आरशाचा, मग पेट्रोलच्या टाकीचा. डोक्याची पाळी येते ती हायवेला लागताना. वसई फाटा जवळ आला किंवा वर्सोवा पुलाकडे गाडी वळली की मग बकल लावायला हात वर जातो. आचोळ्याहून वसई स्टेशन, बोळिंजहून विरार, आगाशीहून अर्नाळा या प्रवासाला आपल्याकडे 'इथल्या इथे' म्हणतात, आणि इथल्या इथे जायला हेल्मेट कशाला लागतं?

हा झाला चालवणाऱ्याचा हिशेब. मागे बसणाऱ्याचा तर हिशेबच नाही. सकाळी कोणत्याही कॉलेजच्या गेटवर दहा मिनिटं उभे राहा. डबलसीट येणाऱ्या गाड्यांवर पुढच्याच्या डोक्यावर एखादवेळेस हेल्मेट दिसेल, मागच्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा हेडफोन. लिफ्ट देणारा मित्र दुसरं हेल्मेट बाळगत नाही आणि लिफ्ट घेणारा ते मागत नाही. मागणं आगाऊपणाचं वाटतं. फुकट नेतोय, वर हेल्मेट पण द्यायचं का?

कायद्याला हा संकोच नाही. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला एकाच वाक्यात धरतं. चार वर्षांवरच्या मुलांनाही ते लागू आहे (पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे). २०१९ च्या दुरुस्तीत हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आली. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागच्यांवरही कारवाई सुरू केली, तेव्हा दहिसर चेकनाक्यापलीकडे आपण सगळे हसलो होतो. आपल्याकडे पुढचाच घालत नाही, तिथे मागच्याचं काय!

आता एक आकडा बघा, यावर हसू येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ५०,०२९ जण दुचाकीवरचे आणि बिनहेल्मेटचे. या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. दिवसाला सरासरी ३९. हेल्मेट असतं तर हे सगळे वाचले असते, असं म्हणणं खोटं ठरेल. पण हेल्मेटवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निघालं ते असं, की अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते. उरलेल्या टक्क्यांसाठी नशीब आहेच.

मागच्या सीटबद्दलचा धडा आपल्याच जिल्ह्यात एकदा देशभर गाजला होता. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा कार अपघातात मृत्यू झाला. पुढच्या सीटवरचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते. त्यानंतर काही आठवडे सगळीकडे मागच्या सीटबेल्टची चर्चा होती. कारच्या मागच्या सीटवर चर्चा झाली, बाईकच्या मागच्या सीटवर नाही. गंमत म्हणजे याच हायवेवरून आपण तुंगारेश्वरला पावसात डबलसीट जातो, कधीकधी ट्रिपलसुद्धा.

'मी फास्ट चालवत नाही' हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळालं. तेव्हा अकरावीतलं थोडं फिजिक्स. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. दीड मीटरवरून पडलेली कोणतीही वस्तू जमिनीला लागताना तिचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. म्हणजे गाडी उभी असताना तोल जाऊन तुम्ही आडवे झालात, तरी डोकं डांबरावर आपटेल ते विशीच्या वेगाने. आणि ४० च्या स्पीडला समोर डिव्हायडर किंवा ट्रकचा मागचा भाग आला, तर? सहा मीटरवरून, म्हणजे आपल्याकडच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखं. ६० ला त्याच बिल्डिंगची गच्ची. गच्चीच्या कठड्यावर बसून कुणी रील पाहत नाही, एवढी अक्कल आपल्या सगळ्यांना आहे.

हेल्मेट यात नेमकं काय करतं? वरचं कडक कवच टोकदार मार पसरवतं, पण खरं काम आतला थर्मोकोलसारखा थर करतो. तो स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त देतो. मेंदूला तेवढे मिलिसेकंद पुरतात. एकदा चेपलेला थर मात्र परत फुगत नाही. त्यामुळे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी संपलेलं असतं. लहान भावाला द्यायला तर ते मुळीच ठेवू नका. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडून जातं, डोकं मात्र तिथेच राहतं. कायद्यातसुद्धा नुसतं घालणं नाही, पट्ट्याने घट्ट बांधणं लिहिलंय.

रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या दोनशे रुपयांच्या टोप्यांना हेल्मेट म्हणणं बंद करूया. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. तरी ते विकलं जातं, कारण आपण ते डोक्यासाठी नाही, चलनासाठी घेतो. हजार-बाराशेत बरं, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट मिळतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे स्नीकर्स याहून महाग आहेत. तेही निदान घालून या, कारण चपलेतला पाय सायलेन्सर आणि खडी यांच्यामध्ये कसा सोलवटतो हे पावसाळ्यात कुणालाही विचारा. ग्लोव्हजचंही तेच. पडताना माणूस आधी हात टेकतो.

बाकीच्या तक्रारी खोट्या नाहीत. मे महिन्यातल्या वसईच्या दमट हवेत हेल्मेटच्या आत अक्षरशः घामाची धार लागते. केस बसतात, ओढणी अडकते. ओढणीवरून आठवलं, मागच्या चाकात कपडा जाऊ नये म्हणून गाडीला साडी गार्ड असावा, असं १९८९ च्या केंद्रीय नियमांत लिहिलंय. मागे साडी नेसून बाई बसणार, हे सरकारने धरलंच होतं. तिच्या पदराची काळजी आपण नेमाने घेतो, अगदी 'ताई, पदर सांभाळा' असं सिग्नलला अनोळखी माणूससुद्धा सांगतो. 'ताई, हेल्मेट?' असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

सक्तीवर मात्र आपण लगेच भांडतो. जुलै २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली, ती पंपचालकांच्या विरोधात मागे पडली. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्ती आली तर मोर्चे निघाले. डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल, हा त्यातला मुद्दा. पुढच्या सीटपुरता तो मी एकवेळ ऐकून घेईन. पण मागे जो बसलाय त्याचं डोकं तुमचं नाही. ब्रेक, स्पीड आणि खड्डा चुकवायचा निर्णय तुमच्या हातात, त्याच्या हातात फक्त तुमचा खांदा.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती आधी कॉलेजांकडे आहे. लोक दुसरं हेल्मेट आणत नाहीत याचं मोठं कारण म्हणजे ते ठेवायचं कुठे? लेक्चरला बाकाखाली ठेवलं तर सर ओरडतात, गाडीला लटकवलं तर चोरीला जातं. पार्किंगमध्ये कुलूप लावता येईल असे रॅक बसवायला फार खर्च येत नाही, एका फेस्टिव्हलच्या डीजेपेक्षा नक्कीच कमी. रेल्वे स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कवाल्यांकडून महापालिकेने हेच करून घ्यावं. पैसे घेतातच आहेत, हेल्मेटसाठी एक फळी लावा. आणि दुचाकी विकताना ग्राहकाला आयएसआय हेल्मेट द्यायचं, हे केंद्रीय नियमांत आहेच. शोरूममध्ये गाडी घ्यायला गेलात तर ते मागा, आणि बिलात दुसरंही जोडून घ्या. नव्या गाडीच्या हप्त्यात ते कळतही नाही.

तोपर्यंत लिफ्ट घेणाऱ्यांनी स्वतःचं हेल्मेट स्वतः आणायला हरकत नाही. विकत घेताना पट्टा बांधून, मान हलवून बघा. हेल्मेट डोक्यावर फिरत असेल तर एक साईज लहान घ्या. गालाला थोडं घट्ट लागतं ते पहिले पंधरा दिवस.