विजेचा ब्रश कोणी घ्यावा, कोणता घ्यावा



रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर हल्ली एक नवाच प्रश्न कानी येतो. मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागते, मोबाईलवर जाहिरात दिसते आणि घरात विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश येतो. मग शेजारीण विचारते, आपणही घ्यावा काय? आणि घ्यायचा तर कोणता? आम्ही काही दंतवैद्य नव्हे, कारकुनी करणारी माणसे. परंतु हा प्रश्न बराचसा हिशेबाचा आहे, म्हणून या आठवड्यात तोच घेत आहोत.

दात कशाने घासावे ही चर्चा आपल्याला नवी नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना दातवण वापरण्यास सांगितल्याची कथा आहे. पुढे काही भिक्खू लांबलचक दातवण वापरू लागले आणि त्यानेच श्रामणेरांना झोडपू लागले, तेव्हा आठ अंगुळांहून लांब नको असा नियम झाला. एकाने अगदीच तोकडे वापरले, ते घशात अडकले, म्हणून चार अंगुळांहून आखूडही नको असे ठरले. साधन वापरणाऱ्याच्या हाताला व तोंडाला बेताचे हवे, हा विचार तेव्हाही होता. दुकानात उभे राहताना तोच लक्षात ठेवावा.

आता प्रकार. एक सेलवर चालणारा, दुसरा चार्जिंगचा. सेलचा स्वस्त पडतो, पण सेल उतरत आला की ब्रश मंदावतो आणि सेलचा खर्च चालूच राहतो. रोज वापरायचा असेल तर चार्जिंगचा बरा. त्यातही दोन जाती आहेत. एकाचे हेड लहान व गोल असते, ते अर्धवट फिरून मागे येते आणि एकेक दात धरून साफ करते. दुसऱ्याला सोनिक म्हणतात. त्याचे हेड साध्या ब्रशसारखे लांबट असते व ते मिनिटाला तीसएक हजार वेळा थरथरते. या दोहोंत फार मोठा फरक नाही. हातात धरून कोणता सोयीचा वाटतो ते पाहावे. केस मऊ असावेत, दोन मिनिटे झाल्याचे कळावे, आणि जोरात दाबल्यास इशारा देणारा मिळाला तर उत्तम. आपल्याकडे दात घासणे म्हणजे भांडे घासणे अशी समजूत आहे. विजेचा ब्रश रगडायचा नसतो, दातावर नुसता टेकवून पुढे सरकवायचा असतो. आणि तोंडात घातल्यावरच सुरू करावा, नाहीतर पेस्ट आरशावर.

साध्यापेक्षा तो सरस आहे काय? कोक्रेन या संशोधन-संस्थेने 2014 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर विजेच्या ब्रशने दातांवरचा थर 21 टक्के व हिरड्यांची सूज 11 टक्के अधिक कमी झाली असे आढळले. फायदा आहे. मात्र त्याने पुढे दात किती वाचतात, याचे उत्तर त्यात नाही.

आता खर्चाकडे पाहू. हेड दर तीन महिन्यांनी बदलावे लागते. समजा हेड 250 रुपयांना पडले, तर चार माणसांच्या घरात वर्षाला सोळा हेड, म्हणजे 4000 रुपये. तीस रुपयांचा साधा ब्रश त्याच हिशेबाने 480 रुपयांत भागतो. दांडा एकच ठेवून प्रत्येकाने आपापले हेड लावले तर चालते, पण हेड कोणाचे कोणते याची खूण हवी. आपल्या बाजारात त्या कंपनीचे हेड मिळते काय, हे दांडा घेण्याआधी विचारावे. जाहिरातीतला स्वस्त ब्रश घ्यायचा आणि चौथ्या महिन्यात हेडच मिळू नये, असे झाले तर सगळे पैसे पाण्यात. चार्जर मोरीत ठेवू नये, खोलीतल्या कोरड्या जागी ठेवावा.

हातपाय धड असलेल्या माणसाला मऊ केसांचा साधा ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट, सकाळी व रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे, एवढे पुरते असे आमचे मत आहे. पण आपल्या वस्त्यांत प्रेसवर बोटे गमावलेले कामगार आहेत. लकव्याने एक बाजू गेलेले वडील आहेत, सांधे आखडलेल्या आया आहेत, दुसऱ्याने दात घासून द्यावे लागणारी मुले आहेत. त्यांना जाड दांड्याचा, आपोआप हलणारा ब्रश म्हणजे चष्म्यासारखी गरज आहे. घरात एकच घेता येत असेल तर तो त्यांच्यासाठी घ्यावा. पगारदार मुलाने आपल्याआधी वडिलांचा हात पाहावा.

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. मुलाच्या हाती विजेचा ब्रश आणि त्याच घरात तव्यावर मशेरी भाजली जाते, हे दृश्य आम्ही अनेक घरांत पाहतो. दंतमंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने 1992 मध्ये बंदी केली, पण घरी भाजलेल्या मशेरीला ती बंदी कशी पोचणार? पहाटे उठून उपाशीपोटी कामावर जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी भूक मारण्यासाठी ती लावली, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून त्यांना दटावू नये. पण मशेरी तंबाखूच आहे. तिने तोंडाचा कर्करोग होतो, आणि पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. ती सोडायची तर 1800-11-2356 या सरकारी मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. सून-मुलीने शेजारी बसून तो फोन लावून द्यावा.

शेवटी, दातांवर घट्ट बसलेले कीटण कोणत्याच ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावे लागते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालयही आहे. खाजगीपेक्षा तेथे खर्च बराच कमी येतो. ब्रश घेण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा तेथे नेऊन आणावे. सकाळी लवकर निघावे, केसपेपरची रांग मोठी असते.