घटिकापात्र आणि विहिरीची पाळी



"घटकाभर बसा," असे आपण पाहुण्याला सहज म्हणतो. ही घटका म्हणजे २४ मिनिटे. दिवस-रात्र मिळून ६० घटका होतात. घड्याळे नव्हती तेव्हा त्या मोजायच्या कशा? तर तांब्याच्या एका वाटीने. तिचे नाव घटिकापात्र. अर्ध्या घागरीच्या आकाराची वाटी, आणि तिच्या बुडाला एक भोक. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की भोकातून पाणी आत चढते, वाटी भरते आणि बुडते. "घटका भरली" असे आपण म्हणतो ते यावरूनच. लग्नाचा मुहूर्त या वाटीवर साधत, आणि आकाशातल्या ग्रहांचे वेध घेणारेही वेळ मोजायला हीच वाटी वापरत.

जुन्या ग्रंथांत तिचे माप नेमून दिलेले होते. तांबे दहा पळे, उंची सहा अंगुळे, तोंड बारा अंगुळे. आणि भोक ठरलेल्या वजनाच्या, चार अंगुळे लांब सोन्याच्या तारेएवढे. तांबट कितीही कसबी असला तरी इतके तंतोतंत जमणे अवघडच.

यावर भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथात सोपी वाट दाखवली. हे आपल्याला परके नाहीत. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. ते सांगतात, तांब्याची वाटी घडवा, भोक मोठे असले तरी चालेल. दिवस-रात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि ६० घटकांना त्या आकड्याने भागा. समजा ४० वेळा बुडाली, तर एका बुडीला दीड घटका, म्हणजे ३६ मिनिटे. माप पोथीतले धरू नका, आपल्या वाटीचे स्वतः काढा, असा याचा अर्थ.

आता हे शेतीच्या पानावर कशाला? इराणात भुयारी कालव्यांचे पाणी शेतकऱ्यांत वाटायला अशीच वाटी शेकडो वर्षे वापरात होती. आणि पाण्याची वाटणी आपल्याकडेही घरे मोडते.

एका गावी दोन सख्खे भाऊ सामाईक विहिरीवरून कोर्टाची पायरी चढायला निघाले होते. थोरल्याला पहाटेचे ४ तास, धाकट्याला त्यानंतरचे ४ तास. तरी धाकट्याचा कांदा सुकत होता. थोरला म्हणे, "तास सारखे, मग तक्रार कसली?" मी पाइप २०० लिटरच्या पिंपात सोडायला लावला. पहाटे पिंप ४० सेकंदांत भरले. धाकट्याची पाळी संपताना त्याच पिंपाला ७० सेकंद लागले. रात्रभर साठलेले पाणी थोरल्याला मिळत होते, आणि पातळी खाली गेल्यावरचे धाकट्याला. तास सारखे होते, पाणी नव्हते.

थोरला बराच वेळ पिंपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उद्यापासून पहिली पाळी दिवसाआड बदलू." कोर्टाचे कागद तिथेच राहिले.

तुमच्याही विहिरीवर पाळी असेल तर या रविवारी दोन्ही घरच्या माणसांनी मिळून पिंप भरून बघा. पाळीच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. आकडे वहीत लिहा, आणि मगच बोलायला बसा.