मुलाला कोणी विचारले?

अजिंठ्याची लेणी पाहून आलेल्या प्रत्येकाला फर्दापूर ठाऊक असते. खासगी वाहने तेथील तिठ्यावर उभी करावयाची आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावयाचे, असा तेथील शिरस्ता आहे. प्रवाशाच्या लेखी या गावाचे महत्त्व एवढेच. परंतु याच गावातील दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याचे दिवस कसे जात असतील, याचा विचार आमच्या वाचकांनी आज क्षणभर करावा अशी आमची विनंती आहे.

उपचारांची सोय मुळीच नाही, असे आता म्हणता येत नाही. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून उभे आहे. पूर्वी औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि मराठवाडा-खानदेशच्या रुग्णांची मुंबईची फेरी पुष्कळ अंशी वाचली. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेने औषधांच्या खर्चाचा भारही हलका केला. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. तथापि फर्दापूरपासून हे रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यांपैकी रुग्णालयाच्या खाटेवर जाणारे दिवस थोडे. बाकीचे सारे घरच्या ओसरीवर, शाळेच्या वाटेवर आणि एस. टी. च्या बाकावर जातात. रुग्णालयाच्या कागदांत रक्तातील पेशींचे आकडे असतात, औषधांच्या मात्रा असतात, पुढील तारीख असते. मधल्या दिवसांची नोंद कोणाच्याच दप्तरी नसते. आमची तक्रार नेमकी ही आहे.

आपल्या अंगणात बारा महिने फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध निघते. १९६३ साली अमेरिकेत ते वापरात आले आणि तोपर्यंत बहुधा प्राणघातक ठरणाऱ्या या रोगातून मुले वाचविण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. परंतु हेच औषध नसांवर आघात करते. मुलाचा जबडा ठणकतो, शौचास होत नाही, बोटांना मुंग्या येऊन सदऱ्याची गुंडी लागत नाही, आणि कित्येकदा पाऊल वर उचलले न गेल्यामुळे चालता चालता चप्पल पायातून निसटते. जोडीला स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. त्यांनी चेहरा सुजतो, मध्यरात्री भूक लागते, शांत स्वभावाचे मूल उगाच चिडते, रडते. आणखी एका औषधाने तोंड इतके सोलून निघते, की भाकरीचा तुकडा गिळवत नाही. या सर्वांच्या वर थकवा असतो; झोपेने न जाणारा थकवा. शाळेत त्याला आळस म्हणतात आणि घरी लाड.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात नंदाच्या पत्नीचे चित्र आहे. मान कललेली, डोळे मिटत आलेले, भोवती चिंताक्रांत सेविका. देह खचतो म्हणजे काय होते, हे त्या अनामिक चित्रकाराने दीड हजार वर्षांपूर्वी किती बारकाईने न्याहाळले होते! आमच्या रुग्णपत्रिकांना तेवढी नजर अद्याप लाभलेली नाही.

हा केवळ कनवाळूपणाचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. औषधांमुळे श्वेतपेशी घटलेल्या मुलाला १००.४ अंश ताप येणे ही घटकाभरही थांबू नये अशी आणीबाणी असते. पहिल्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविक द्यावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. आणि आपल्याकडे काय होते? रात्री कपाळ गरम लागते, घरात तापमापक नसतो, तापाची गोळी दिली जाते, ताप दबतो आणि सकाळच्या गाडीची वाट पाहिली जाते. कर्करोगाच्या उपचारांत मुले केवळ कर्करोगानेच दगावतात असे नाही. या रात्रींचाही त्यात वाटा असतो.

श्रीमंत देशांत कर्करोग झालेली शंभरांतील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण तिसाच्याही खाली आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधे बहुतांशी तीच आहेत. फरक वेळेवर निदान होण्यात, उपचार अर्धवट न सुटण्यात आणि या मधल्या दिवसांच्या देखभालीत आहे. अमेरिकेत ७६६ प्रौढ कर्करुग्णांना आपली लक्षणे स्वतः नियमितपणे कळविण्यास सांगून एक प्रयोग झाला. २०१७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: असे कळविणारे रुग्ण इतरांपेक्षा सरासरीने सुमारे पाच महिने अधिक जगले. नवे औषध दिलेले नव्हते. नियमितपणे विचारले गेले आणि परिचारिकांना वेळीच कळले, इतकेच. सात ते सतरा वर्षांच्या मुलांनी स्वतः उत्तरे द्यावीत अशा प्रश्नावल्याही आता तयार झाल्या आहेत, कारण मुलाचे दुखणे आईबाप व डॉक्टर यांच्या तोंडून पुरतेपणी कळत नाही, असे अनुभवास आले.

आमच्याकडे मुलाला विचारावयाचे कसे, हाच पेच आहे. कारण त्याला रोगाचे नावच सांगितलेले नसते. हे खेड्यातच घडते असे मानण्याचे कारण नाही. दादर-पुण्याच्या सुशिक्षित बिऱ्हाडांतही ‘रक्त कमी आहे’ या सहा अक्षरी बतावणीवर वर्ष-वर्ष काढले जाते. मूल मात्र वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलाकडून सर्व समजून घेते आणि आईला वाईट वाटू नये म्हणून आपले दुखणे गिळून बसते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची स्थिती याहून कठीण. केस गेले की घराबाहेर पडणे बंद. पुढे लग्नाला अडचण नको म्हणून नातेवाइकांतही गुप्तता.

शाळेचा प्रश्न आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली. त्यांत हिमोफिलिया, थॅलसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे विकार आले, हे योग्यच झाले. कर्करोग त्या यादीत नाही. पाय गमावलेल्या मुलाला कायद्याचा आधार मिळतो. ज्याची बोटे तासभर लेखणी धरू शकत नाहीत, त्याला मुख्याध्यापकाच्या चांगुलपणावर विसंबावे लागते.

आमची सरकारकडे मागणी मोठ्या इमारतींची नाही. प्रत्येक बालरुग्णाला रुग्णालयातून घरी धाडताना एक तापमापक आणि एक साधी मराठी वही द्यावी. ताप, वेदना, झोप, खाणे, चालणे, शाळा, एवढ्याच रकाने असलेली ती वही मुलानेच भरावी. गावच्या आशा सेविकेने ती आठवड्यातून एकदा पाहावी आणि काही विपरीत दिसल्यास कर्करोग रुग्णालयातील परिचारिकेला दूरध्वनीवर कळवावे. ताप आल्यास पहिले इंजेक्शन जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच द्यावे. त्यासाठीची लेखी सूचना मुलाच्या कागदांत असावी आणि १०८ च्या गाडीने त्याला पुढे न्यावे. परीक्षा मंडळाने अशा विद्यार्थ्यांना लेखनिक व जादा वेळ देण्याचा स्पष्ट नियम करावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, आणि खर्च म्हणावा तर तापमापकाचा व वहीचा. आरोग्य व शिक्षण या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून पुढील शालेय वर्षापूर्वी एवढे करावयास हवे.