कृपा करून पदके घासू नका!

दिवाळी आठ दिवसांवर आली की पुण्याच्या जुन्या पेठांतून दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक पितळेची भांडी घासल्याचा आणि दुसरा भंगारवाल्याच्या हाकेचा. 'माळा रिकामा करा' असा गृहलक्ष्मीचा हुकूम सुटतो आणि वर्षानुवर्षे वर पडलेली एक गंजकी ट्रंक खाली येते. तीत पणजोबांचा खाकी डगला असतो, लष्करी पाण्याची बाटली असते, रंग उडालेल्या फितीला लटकणारे एखादे पदक असते. डगला बोहारणीकडे जातो, बाटली भंगारात जाते आणि पदक बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून फिरत फिरत माझ्याकडे येते.

होय, माझ्याकडे. मी लढाईतल्या वस्तूंचा संग्राहक आहे आणि तोही तिसऱ्या पिढीचा. आज ज्या मंडळींवर मी तोंडसुख घेणार आहे, त्यांत पहिला नंबर माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो; म्हणजे 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' असे म्हणण्याचे वाचकांचे श्रम वाचतील. माझे म्हणणे थोडक्यात असे: लढाईतली वस्तू ही कुणाची तरी ठेव असते. ज्याला वस्तूबरोबर माणसाचे नाव सांभाळता येत नाही, त्याने ती वस्तू सांभाळण्याच्या भानगडीत पडू नये.

माझे आजोबा कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून होते. पहिल्या महायुद्धातून परतलेले सातारा-रत्नागिरीकडचे शिपाई काही कामाने पुण्यास आले की आमच्या वाड्याच्या ओट्यावर टेकत. कुणी आठवण म्हणून टोपीवरचा बिल्ला देई, कुणी अडीनडीला पदक विकी. आजोबा पैसे देत. पण त्याआधी गूळ-पाणी देत आणि वही काढून बसत. नाव कोणते, गाव कोणते, कोणत्या पलटणीत होतास, कुठे लढलास, सोबतीचे कोण तिकडेच राहिले, सारे लिहून घेत. आजीला हा उद्योग बिलकूल पसंत नव्हता. "वस्तू घ्यायची तर घ्या, तिची पत्रिका कशाला मांडता?" असे ती म्हणे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी आमच्या वाड्यात शिरले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वडिलांनी चिखलातून एकेक जिन्नस वेचून काढला. पदके मिळाली, बिल्ले मिळाले, दोन लोखंडी टोप्या मिळाल्या. वह्यांचा मात्र लगदा झाला होता. 'संग्रह वाचला हो तुमचा!' म्हणून शेजारीपाजारी सांगून जात होते. आजोबा ओल्या ओट्यावर बसून होते. ते एवढेच म्हणाले, "माणसे वाहून गेली, टोप्या राहिल्या." या बोलण्याचा अर्थ कळायला मला पन्नास वर्षे लागली.

वडिलांनी संग्रहाची संख्या वाढवली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला माल लिलावात निघाला, तेव्हापासून त्यांचे हे वेड सुरू झाले होते. त्यांनी काचेचे कपाट केले. मी त्या कपाटाला दिवे लावले आणि कोणत्या जिनसेला आज काय भाव येईल, हे तोंडपाठ केले. आजोबांना माणसाचे अगत्य, वडिलांना वस्तूचे आणि मला भावाचे. आमच्या घराण्याची प्रगती ती ही!

आता हे पदक म्हणजे असते तरी काय, ते पाहा. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाला मिळालेले 'ब्रिटिश वॉर मेडल' हे चांदीचे, वजनाला अडीच तोळ्यांहून थोडे अधिक. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. ही चित्रे लाखो पदकांवर सारखीच. निराळे असते ते फक्त कडेवर: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण, बारीक ठशांनी उमटवलेली. नजर चुकावी इतकी बारीक.

त्या बारीक अक्षरांचे मोल का, ते सांगतो. पुण्याचे नाव मिरवणारी सहावी डिव्हिजन त्या युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तीत होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे या फौजेला वेढा पडला. अन्न संपत आले. घोड्याचे मांस खावे की धर्म राखावा, या पेचात आपले शिपाई खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. कैदेत नेलेल्यांपैकी कितीतरी परतले नाहीत. पुढे त्या मोहिमेत पडलेल्यांचे स्मारक बसऱ्यास उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. आमच्या साध्या शिपायांची मात्र पलटणीपुढे नुसती संख्या! हा भेदभाव घडला, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ साली कबूल केले. आपल्याकडे खेड्यापाड्यांत सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या पाहा. 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले.' तिथेही आकडाच.

दगडाने आकडा ठेवला. घरच्यांच्या हाती नाव आले ते या चांदीच्या कडेवर. आणि ती कड मी दर दिवाळीला घासत होतो!

काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा एक तरुण शिक्षक माझा संग्रह पाहायला आला. पणजोबा १०३ मराठामध्ये होते, कुतहून परतले नाहीत, पदक घरी आले होते आणि पुढे पुण्यात कुणाला तरी विकले गेले, एवढे त्याला ठाऊक होते. मी मोठ्या दिमाखाने कपाट उघडले. माझ्याजवळ १०३ चे एक पदक होते. त्याने ते हातात घेऊन कड उजेडाकडे धरली. '१०३' वाचता येत होते. पुढची कड आरशासारखी गुळगुळीत होती. त्याने दोनदा पदक फिरवले, अंगठ्याने चाचपले आणि परत माझ्या हातात ठेवले. "असू द्या, काका," तो म्हणाला. मी चहाचा आग्रह केला. तो थांबला नाही.

आमच्या संग्राहक बंधूंचे यावर ठरलेले उत्तर आहे: "आम्ही घेतली नसती, तर ती पदके सोनाराच्या मुशीत गेली असती." हे खरे आहे. १९८० साली चांदी कडाडली, तेव्हा जगभर अशी किती पदके वितळली याला गणती नाही. पण बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्याने त्याचे नावच विसरायला लावले, तर त्या उपकाराला काय म्हणावे? दुसरे म्हणतात, "दुकानदार मूळ घराचा पत्ता सांगत नाही." विचारतो कोण? भाव पाडून मागताना आपण तासभर हुज्जत घालतो. गाव विचारायला अर्धे मिनिट नसते. तिसरी जात याहून वाईट. ती परदेशी गिऱ्हाईक शोधते. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवू नये, असा १९७२ चा कायदा आहे. पहिल्या महायुद्धाची पदके आता शंभरी ओलांडून बसली आहेत, हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

याच पुण्यात दिनकर केळकर नावाचा गृहस्थ होऊन गेला. दिवे, अडकित्ते, फण्या अशा घरगुती वस्तूंसाठी गावोगाव हिंडला आणि १९६२ साली तो सारा खजिना त्याने सरकारच्या स्वाधीन केला. नाव दिले ते स्वतःचे एकट्याचे नव्हे. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे. नावाची किंमत कळलेला तो संग्राहक होता.

तेव्हा माता-भगिनींनो, यंदा माळ्यावरची ट्रंक खाली आली तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हाक मारा. हे कुणाचे, ते विचारा. साध्या कागदावर नाव, गाव, पलटण लिहा आणि चिठ्ठीची एक नक्कल निराळ्या घरी ठेवा. पूर कधी सांगून येत नाही. विकायचेच असेल तर चिठ्ठीसकट विका. आणि संग्राहक बंधूंनो, चिठ्ठीवाचून वस्तू घेऊ नका.

आमच्या कपाटातली पदके यंदा काळी दिसतील. फराळाला आलात तर नाक मुरडू नका. कडेवरून हलकेच बोट फिरवा. काहींची अक्षरे अजून हाताला लागतात.