‘माय नेम इज’च्या पुढे काय?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून दहावी होऊन पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला एक मुलगा चाकणच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला होता. रात्रीच्या एस.टी.ने निघाला, पहाटे पुण्यात उतरला, स्टँडवरच तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर हजर. मुलगा हुशार. ड्रॉइंग नीट वाचतो, हातात कसब आहे. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"सर, आत गेल्या गेल्या साहेबांनी हसून विचारलं, ‘डिड यू फाइंड द प्लेस इझिली?’ मला वाटलं ओळखच विचारतायत. मी सुरू केलं, ‘माय नेम इज अमुक, माय फादर्स नेम इज तमुक, माय हॉबी इज रीडिंग...’ ते मधेच म्हणाले, ‘रिलॅक्स, रिलॅक्स.’ मग मला पुढचं काही सुचेचना. सर, त्यांनी ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ आधी विचारलंच नाही हो!"

त्याचं हे शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. कारण ती ओळख पाचवीत त्याच्याकडून मीच पाठ करून घेतली होती. परिपाठात त्याने ती न अडखळता म्हटली म्हणून टाळ्याही मीच वाजवायला लावल्या होत्या. साहेबांनी विचारलं होतं एवढंच, की बाबा रे, पत्ता सहज सापडला ना? माझ्या विद्यार्थ्याला त्या प्रश्नातली आपुलकी ऐकूच आली नाही, कारण मी त्याला बोलायला शिकवलं होतं, ऐकायला नाही.

आपण शिकवतो ते भाषण, लागतो तो संवाद

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षं इंग्रजी शिकतं. एवढ्या वर्षांत ‘सेल्फ इन्ट्रोडक्शन’ कितीदा होतं, मोजून बघा. प्रत्येक वेळी तेच: नाव, वडिलांचं नाव, गाव, इयत्ता, छंद, मोठेपणी काय होणार. मूल हात मागे बांधून, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणतं. आपण व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकतो. सगळे खूश.

पण खऱ्या जगात अशी ओळख कुणी कुणाला करून देतं का? ऑफिसात, ग्राहकाकडे, ऑनलाइन मीटिंगमध्ये ओळख तुकड्यातुकड्याने होते. एक वाक्य तुमचं, एक समोरच्याचं. कुणी म्हणतं, ‘ट्रॅफिक वॉज टेरिबल टुडे.’ कुणी विचारतं, ‘इज इट रेनिंग देअर?’ या गप्पांवर गुण नाहीत, म्हणून त्या आपल्या वर्गातही नाहीत. माझं मत स्पष्ट सांगतो: व्याकरणाची चूक एकवेळ पोटात घातली जाते. ‘ही गो’ म्हटलं तरी अर्थ कळतो. पण साध्या चौकशीला उत्तरच आलं नाही, तर समोरचा माणूस ‘मुलगा घुमा दिसतो’ किंवा ‘कम्युनिकेशन कमी आहे’ असा शेरा मनात मारून मोकळा होतो. आपलं पोर घुमं नसतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ही गोष्ट मुलांना मराठीत येतेच

काही जण म्हणतील, या वरवरच्या गप्पा, त्यात शिकवायचं काय? ब्रॉनिस्लॉ मालिनोवस्की या मानववंशशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून तिथल्या लोकांचं जगणं अभ्यासलं. १९२३ साली त्याने अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. थोडक्यात सांगायचं तर, हे बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच. ते ‘आपण एकमेकांसाठी परके नाही’ एवढं सांगण्यासाठी असतं.

आपल्याला हे पुस्तकातून कळायची गरजच नाही. स्टँडवर ओळखीचा माणूस भेटला की आपण विचारतो, "काय, कुणीकडे?" त्याला सगळा कार्यक्रम ऐकायचा नसतो. "हे काय, जरा बाजारापर्यंत" एवढं पुरतं. "काय, जेवण झालं का?" म्हणजे पानं वाढलीत असं नव्हे. निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. इंग्रजीतला ‘गुडबाय’ हा शब्दही ‘देव तुझ्यासोबत असो’ अशा अर्थाच्या वाक्याचा आखूड होत गेलेला अवतार आहे. निरोप गोड करायची हौस दोन्हीकडे सारखीच.

इंग्रज माणूस हवामानावर बोलतो म्हणून आपण हसतो. पण "तुमच्याकडे पाऊसपाणी काय म्हणतोय?" हा आपलाही पहिला प्रश्न असतो. उलट आपल्याकडे तो नुसता बोलायचा विषय नसतो, कारण विचारणाऱ्याचंही सोयाबीन रानात उभं असतं. म्हणून मी आता मुलांना सांगतो, तुम्हाला हे येतंच, फक्त इंग्रजीत त्याची रीत थोडी वेगळी आहे.

रीत कुठे वेगळी आहे?

पहिली गोष्ट ‘हाउ आर यू?’ची. आपण मुलांना ‘आय अ‍ॅम फाइन’ शिकवतो आणि तिथेच पूर्णविराम देतो. इंग्रजी रिवाजात खरं महत्त्व त्यापुढच्या दोन तुकड्यांना आहे: ‘थँक यू. अँड यू?’ उलट विचारलं नाही तर उत्तर बरोबर असूनही तुटक वाटतं. आणि हो, ऑफिसात कुणी हे विचारलं तर गुडघेदुखीची हकीकत सांगायची नसते. आपलं "चाललंय, बरं आहे" तसंच ते.

दुसरी गंमत तीन सारख्या वाटणाऱ्या प्रश्नांची. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे आत्ता काय करतोयस. ‘व्हॉट डू यू डू?’ म्हणजे कामधंदा काय करता. या प्रश्नाला माझ्या वर्गात एकाने ‘आय अ‍ॅम सिटिंग, सर’ असं उत्तर दिलं होतं. आणि ‘हाउ डू यू डू?’ हा तर प्रश्नच नव्हे. पहिल्या भेटीतलं ते जुन्या वळणाचं औपचारिक अभिवादन. त्याला उत्तरही ‘हाउ डू यू डू?’ असंच देतात. आता ते फारसं ऐकू येत नाही. त्याच्या जागी ‘नाइस टू मीट यू’ म्हणतात. तेसुद्धा पहिल्याच भेटीत. दुसऱ्यांदा भेटलात की ‘नाइस टू सी यू अगेन’.

तिसरी, रात्री आठला कुणाला भेटलात तरी ‘गुड इव्हिनिंग’च म्हणायचं. ‘गुड नाइट’ निरोपाचं आहे. आल्या आल्या ते म्हटलं तर "बरं, निघा आता" म्हटल्यासारखं होतं.

चौथी गोष्ट ‘मायसेल्फ अमुक’ची. भारतात हे सर्रास चालतं आणि समजतंही. पण ‘मायसेल्फ’ हा शब्द तिथे कर्ता म्हणून उभा राहू शकत नाही. ‘आय अ‍ॅम’ साधं आणि बरोबर. तसंच ‘आय पास्ड आउट इन २०१९’. आपल्याकडे याचा अर्थ शिक्षण पूर्ण झालं. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस मात्र विचारात पडेल, की हा त्या वर्षी बेशुद्ध का पडला होता? ‘आय ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा’ म्हणावं. या चुका सुधाराव्यात जरूर, पण वर्गाला हसवून नव्हे. एकदा हसं झालं की ते पोर वर्षभर तोंड उघडत नाही.

पाचवी, दोघांची ओळख करून देणं. हे तर आपण शिकवतच नाही. कामकाजाच्या जगात साधारण रीत अशी, की मोठ्या हुद्द्याच्या माणसाला किंवा ग्राहकाला उद्देशून आधी बोलायचं आणि आपल्या सहकाऱ्याची ओळख त्यांना करून द्यायची. नाव सांगून गप्प बसायचं नाही. ‘शी लुक्स आफ्टर अवर नाशिक ऑफिस’ असं एखादं वाक्य जोडायचं, म्हणजे दोघांना पुढे बोलायला धागा मिळतो.

काय विचारू नये

आता थोडा नाजूक मुद्दा. आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत पगार, लग्न, मूलबाळ, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं विचारून होतं. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. "तुम्ही कुठले?" विचारताना आपण सामाईक ओळखीचं कुणी निघतंय का ते शोधत असतो. "अरे, मग तुम्ही आमच्या मेव्हण्यांच्या गावचे!" असं म्हणण्यात गोडवाही आहे. पण इंग्रजी व्यवहारात हे प्रश्न खासगी समजले जातात आणि ओळख वाढल्याशिवाय विचारत नाहीत. मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं.

आणि एक प्रश्न असा आहे की तो आपण मराठीतही थांबवायला हवा. "नाव सांग." मूल नाव सांगतं. "पूर्ण नाव सांग. आडनाव?" आडनावावरून जे समजून घ्यायचं असतं ते काय, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. मुलांनाही ठाऊक असतं. नववीतली एक मुलगी मला एकदा म्हणाली, "सर, मला इंग्रजीतली ओळख आवडते. नुसतं पहिलं नाव सांगितलं तरी चालतं." मी काहीच बोलू शकलो नाही. त्या दिवसापासून वर्गात नवीन मुलाला मी फक्त नाव विचारतो आणि पुढचा प्रश्न ‘तुला काय आवडतं?’ असा असतो. इंग्रजी शिकवता शिकवता आपली एक सवय सुटत असेल तर सुटू द्यावी.

"आधी वाचता-लिहिता तर येऊ द्या!"

हा आक्षेप स्टाफरूममध्ये मी अनेकदा ऐकलाय. तो खोटा नाही. पण एक विचार करा. ज्या घरात आईवडील इंग्रजीत वावरतात, तिथलं मूल पाहुण्यांशी दोन वाक्यं बोलायला घरीच शिकतं. त्याला शाळेने शिकवलं नाही तरी फरक पडत नाही. ज्याच्या घरी इंग्रजी नाही, त्याच्यासाठी शाळा हीच एकमेव जागा. आपण हे ‘किरकोळ’ म्हणून सोडलं, तर त्याचा तोटा नेमका त्याच मुलाला होतो. आणि त्याला कळतही नाही की आपण कुठे मागे पडलो, कारण ही गोष्ट कुठल्याच गुणपत्रिकेवर लिहिलेली नसते.

मी आता काय करतो

परिपाठातली पाठ केलेली ओळख मी बंद केली. त्याऐवजी रोज पाच मिनिटं दोन मुलं समोरासमोर उभी राहतात. नियम तीन: उत्तर द्या, त्यात एक छोटी माहिती घाला, आणि उलट प्रश्न विचारा. मुलं याला ‘चेंडू परत टाकणं’ म्हणतात. चेंडू हातात धरून उभा राहिला तो आउट. सुरुवात मराठीत, मग तेच इंग्रजीत. परवाचा नमुना बघा:

‘गुड मॉर्निंग! हाउ वॉज युअर जर्नी?’
‘इट वॉज फाइन, थँक यू. द बस वॉज अ लिटल लेट. डू यू लिव्ह निअर हिअर?’
‘यस, व्हेरी निअर. आय कम बाय सायकल. वुड यू लाइक सम वॉटर?’
‘यस, प्लीज.’

यात एकही अवघड शब्द नाही. सातवीचं मूल सहज करू शकतं. शिवाय ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ हे वाक्य मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय. न कळल्यावर गप्प बसण्यापेक्षा किंवा पाठ केलेलं सुरू करण्यापेक्षा पुन्हा विचारणं केव्हाही चांगलं. त्या दिवशी चाकणला हे एकच वाक्य माझ्या विद्यार्थ्याच्या कामी आलं असतं.

पालकांना एक विनंती. पाहुणे आले की "काकांना पोएम म्हणून दाखव" नको. त्याऐवजी मुलाला दार उघडू द्या, पाणी नेऊन देऊ द्या, आणि "काका, प्रवास कसा झाला?" असं मराठीतच विचारू द्या. उत्तर येईपर्यंत त्याला तिथं थांबू द्या. ज्याला मराठीत माणसाकडे बघून बोलता येतं, त्याला इंग्रजीतली वाक्यं शिकवायला वेळ लागत नाही.

तो मुलगा नंतर आणखी तीन-चार ठिकाणी जाऊन आला. त्यातल्या एका मुलाखतीनंतर त्याचा पुन्हा फोन आला. निकाल अजून लागायचा होता, पण आवाज वेगळा होता. म्हणाला, "सर, आज मॅडमनी विचारलं, पावसात भिजला नाहीत ना? मी सांगितलं, थोडासाच, छत्री होती. आणि सर, मीपण विचारलं, तुमच्याकडे पण असाच पाऊस आहे का?"

सोमवारी परिपाठात एकदा करून बघा. आणि कसं झालं ते जरूर कळवा.