कप्पाडोकियाच्या पोटात
तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियात गोरेमे गावाहून सकाळी मिनीबसने निघणारी ‘हिरवी सहल’ दहा-पंधरा जणांना वाटाड्यासोबत भुयारात आणि दरीत फिरवून संध्याकाळी परत आणते. तिचा गाभा डेरिनकुयू. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड कोरून केलेले हे भुयारी शहर सुमारे ८५ मीटर खोल जाते. १९६३ मध्ये ते पुन्हा उजेडात आले. आत तबेले आहेत, कोठारे आहेत, चर्च आहे, हवेसाठी उभे झरोके आहेत आणि वाट अडवायला आतूनच सरकवता येणारे, जात्याच्या तळीसारखे प्रचंड गोल दगडही आहेत. बायझंटाइन काळात अरबांच्या स्वाऱ्या आल्या की माणसे गुराढोरांसह इथे उतरत. वेरूळचा कातळ याहून कितीतरी कठीण, पण तो भक्तीने कोरला. हा जिवाच्या भीतीने. ही जागा मोठ्या घोळक्याने पाहूच नये. वाकून चालायच्या बोळात मागच्यांना वाटाड्याचे शब्दच पोहोचत नाहीत. पुढे इहलारा दरी, सुमारे १४ किलोमीटर लांब. सहलीत मेलेंदिझ ओढ्याकाठचा थोडाच भाग चालतात, कड्यांतल्या चर्चमधली भित्तिचित्रे पाहत. शेवटी सेलिमेचा कोरीव मठ.